मोर्णेतली जलपर्णी खाते तरी काय?

१३ जानेवारी २०१८ चा शनिवार मला अजून आठवतो. मी तेव्हा नववीत होतो. आदल्या दिवशी सरांनी वर्गात सांगून टाकलं, "उद्या शाळा मोर्णेवर भरणार. जुने कपडे घालून या, घरी घमेलं असेल तर तेही आणा." अकोल्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मोर्णा ही आमची गावातली नदी. एका अंगाला जुनं शहर, दुसऱ्या अंगाला नवं. पण पुलावरून पाहिलं की पाणी दिसायचंच नाही, दिसायचं ते हिरवंगार मैदान. लहानपणी मला खरंच वाटायचं की पुलाखाली कोणीतरी पालक पेरला आहे. ती होती जलपर्णी.

त्या मोहिमेत चार किलोमीटरच्या पट्ट्यात, दोन्ही काठांवर मिळून चौदा ठिकाणी लोक उतरले होते. पंधरा दिवसांनी, २८ जानेवारीला, पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये आमच्या मोर्णेचं नाव आलं. सहा हजारांहून जास्त नागरिक आणि शंभराच्या वर संस्था, असा उल्लेख झाला. आम्ही सोमवारी वर्गात अशा थाटात बसलो होतो की जणू त्या सहा हजारांत आमचीच नावं वाचून दाखवली. आणि खरं सांगतो, काम सोपं नव्हतं. जलपर्णीची एक जुडी ओढली की तिच्यामागे दहा जुड्या येतात, मुळांना काळा चिखल लोंबतो आणि तो वास दोन आंघोळी करूनही जात नाही. दुपारी ट्रॉल्या भरून गेल्या तेव्हा कितीतरी वर्षांनी मोर्णेत आभाळाचं प्रतिबिंब दिसलं. मला फार भारी वाटलं होतं.

पुढे काय झालं ते अकोलेकरांना माहीतच आहे. जलपर्णी परत आली. पुन्हा काढली, पुन्हा आली.

मोर्णेच्याच काठी, शहराच्या खालच्या अंगाला, माझ्या मामांचं वावर आहे. मी सिव्हिलला ॲडमिशन घेतली त्या वर्षी मामांनी मला बांधावर उभं करून विचारलं, "काऊन रे भाचे, दर साली काढते, दर साली येते. हे झाड खाते तरी काय बाप्पा एवढं?" तेव्हा मी "सांडपाणी" असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झालो. आता फायनल इयरला एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग शिकल्यावर कळतंय की प्रश्न मामांनी बरोबर विचारला होता आणि उत्तर मी अर्धवट दिलं होतं. या लेखात ते पूर्ण करायचा प्रयत्न आहे.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून शोभेसाठी ती जगभर नेली गेली. ऊन आणि खाणं भरपूर मिळालं तर साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. ऊन आमच्याकडे किती असतं ते वेगळं सांगायला नको. राहिलं खाणं. कोणत्याही हिरव्या झाडाला जे लागतं तेच हिलाही लागतं, मुख्य म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. शेतकरी डीएपी आणि युरियाच्या पोत्यांतून जे देतो, तेच. फॉस्फरसची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे, ती आज बाजूला ठेवतो. नायट्रोजनकडेच पाहू.

आपल्या पोटापासून सुरुवात करू. समजा, एक माणूस दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं खातो. डाळ, भाकर, दूध, अंडी, सगळं धरून. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे साडेनऊ ग्रॅम. वाढत्या वयाची पोरं सोडली तर माणूस जेवढा नायट्रोजन खातो जवळजवळ तेवढाच बाहेर टाकतो आणि त्यातला बहुतेक लघवीतून, युरियाच्या रूपात. हा तोच युरिया. व्योलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ साली प्रयोगशाळेत बनवला तोही हाच आणि कृषी सेवा केंद्रात पोत्यात मिळतो तोही हाच. रेणूत काहीच फरक नाही. लहान मुलं वगैरे धरून माणशी ९ ग्रॅम पकडू. २०११ च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या ४,२५,८१७ होती. आता ती वाढलीच असणार, पण हिशेबाला हाच आकडा घेतो. गुणाकार केला तर दिवसाला ३.८ टन नायट्रोजन येतो.

हा सगळा नदीत जात नाही. काही संडासाच्या टाकीत अडकतो, काही जमिनीत मुरतो, काही अमोनिया होऊन हवेत उडतो (बसस्टँडच्या मुतारीत डोळे झोंबतात तो हाच). म्हणून निम्माच धरू, १.९ टन. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो आणि पोतं ४५ किलोचं. म्हणजे एखाद्या माणसाने पुलावर उभं राहून रोज सकाळी युरियाची नव्वदाच्या वर पोती मोर्णेत ओतावीत, तसा हा प्रकार आहे. रोज. रविवारी सुट्टी नाही.

आता दुसरी बाजू. जलपर्णीत ९५ टक्के पाणी असतं. एक टन ओली जलपर्णी वाळवली तर पन्नासेक किलो उरते. त्या वाळलेल्यात दोन टक्के नायट्रोजन धरला तर एका टनात एक किलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन टन बसते असं मानू, म्हणजे एका ट्रॉलीत तीन किलो नायट्रोजन. एका माणसाचा वर्षभराचा नायट्रोजन ९ गुणिले ३६५, म्हणजे सव्वातीन किलो. थोडक्यात, एका माणसाची वर्षभराची लघवी बरोबर एक ट्रॉली जलपर्णी. आणि शहराचा रोजचा १.९ टन नायट्रोजन नुसत्या जलपर्णीतून काढायचा म्हटलं तर रोज सहाशेच्या वर ट्रॉल्या लागतील.

हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासला. नववीतल्या त्या शनिवारी आमच्या शाळेने ज्या ट्रॉल्या भरल्या त्या एका बोटावर मोजण्याइतक्या होत्या. याचा अर्थ ती मोहीम फुकट गेली असा अजिबात नाही. जलपर्णी काढली नाही तर ती तिथेच कुजते आणि तिने खाल्लेला नायट्रोजन पुन्हा पाण्यात सोडते. शिवाय त्या दिवशी हजारो लोकांनी आपल्या नदीला पहिल्यांदा हात लावला, हे मला फार मोठं वाटतं. पण ती ट्रॉली म्हणजे ताटातलं उष्टं उचलणं झालं. वाढणारा वाढतच होता.

यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर एकच असतं, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधा. अमृत ही केंद्राची योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यातून अकोल्यात भुयारी गटाराचं काम निघालं आणि शिलोड्याला रोज ३० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचं केंद्र उभारलं गेलं. चांगलीच गोष्ट आहे. पण इथे एक खाच आहे, जी मला स्वतःला सहाव्या सेमिस्टरपर्यंत कळली नव्हती. सांडपाणी 'शुद्ध' झालं म्हणजे त्यातला नायट्रोजन गेला, असं नाही.

केंद्र पास की नापास हे मुख्यतः बीओडीवर ठरतं. बीओडी म्हणजे पाण्यातली सडणारी घाण खायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. टाकीत हवा सोडायची, जंतू घाण खातात, फुगतात, खाली बसतात, वरचं पाणी नितळ. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली ही ॲक्टिव्हेटेड स्लजची पद्धत मांडली आणि शंभर वर्षांनंतरही जग तिच्यावरच चालतं. पण हे जंतू कार्बन खातात. नायट्रोजन ते फक्त स्वतःचं अंग वाढवण्यापुरता उचलतात. उरलेला बहुतांश अमोनिया बनून नितळ पाण्याबरोबर बाहेर. पाणी दिसायला स्वच्छ, वास नाही, बीओडी पास आणि जलपर्णीचं ताट भरलेलं.

मागच्या वर्षी आम्ही इंडस्ट्रियल व्हिजिटला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका केंद्रावर गेलो होतो. नाव सांगत नाही. बाहेर जाणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून आम्हाला दाखवलं, खरोखर नितळ होतं. मी विचारलं, "सर, अमोनिया किती येतो?" तिथले सुपरवायझर प्रेमाने म्हणाले, "बेटा, तो आम्हाला विचारतच नाहीत, तर मोजायचा कशाला?" चारपैकी दोन ब्लोअर बंद होते. वीज वाचवण्यासाठी. त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याला जो पेपर दिला होता तो त्याने सोडवला होता. पेपरात प्रश्नच नव्हता.

हा प्रश्न पेपरातून कसा गेला त्याची हकीकत वाचण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने केंद्रांसाठी नव्या मानकांचा मसुदा काढला. त्यात बीओडी १० आणि एकूण नायट्रोजनही लिटरला १० मिलिग्रॅम होता. दोन वर्षांनी, १३ ऑक्टोबर २०१७ ला, अंतिम अधिसूचना आली. तिच्यात उरलं काय, तर सामू, बीओडी, तरंगणारे घन पदार्थ आणि विष्ठेतले कॉलिफॉर्म जंतू. बीओडी महानगरांना २० आणि बाकीच्यांना ३० झाला. नायट्रोजनची ओळच गायब. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं आणि ३० एप्रिल २०१९ ला लवादाने नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ ही मर्यादा परत आणायला सांगितली, तीही फक्त मोठ्या शहरांना नव्हे, सगळ्यांना. आपल्या सिलॅबसमध्ये याच्यावर पाच मार्कांचाही प्रश्न नाही. असो.

मग नायट्रोजन काढायचा कसा? इथे मला हा विषय खरोखर आवडायला लागला, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

अमोनिया गाळून काढता येत नाही, बसवता येत नाही. त्याला हवेत परत पाठवावं लागतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन वायू आहेच, त्यात थोडी भर. हे काम दोन शिफ्टमध्ये चालतं आणि दोन्ही शिफ्टचे कामगार एकमेकांना सहन करत नाहीत. पहिल्या शिफ्टला नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर यांच्यासारखे जंतू. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना भरपूर हवा लागते, एक किलो नायट्रोजनला ४.५७ किलो ऑक्सिजन. शिवाय ते फार सावकाश वाढतात. कार्बन खाणारे जंतू काही तासांत दुप्पट होतात, यांना दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून टाकीतला गाळ घाईने काढून टाकला तर हे जंतू वाढायच्या आधीच धुऊन निघतात. गाळाचं वय वाढवा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं ते याच्यासाठी.

दुसऱ्या शिफ्टचे जंतू उलटे. त्यांना हवा दिली तर ते कामच करत नाहीत. हवा बंद केली की श्वासासाठी ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन उडून जातो. मात्र त्यांना खायला कार्बन हवा. आणि गंमत अशी की पहिल्या शिफ्टची हवा सोडताना तो कार्बन दुसऱ्याच जंतूंनी फस्त केलेला असतो. जेवायला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी अवस्था. यावरचा उपाय साधा पण डोकेबाज आहे, टाक्यांचा क्रम उलटा करायचा. बिनहवेची टाकी आधी, हवेची नंतर, आणि हवेच्या टाकीतलं नायट्रेटवालं पाणी पंपाने पुन्हा पहिल्या टाकीत. तिथे कच्चं सांडपाणी येतच असतं, म्हणजे कार्बन ताजा. लुडझॅक आणि एटिंगर यांची ही कल्पना १९६२ ची आणि १९७० च्या दशकात बर्नार्ड यांनी तिला आजचं रूप दिलं. एकाच टाकीत वेळ वाटून, थोडा वेळ हवा चालू, थोडा वेळ बंद, असंही करतात. ती एसबीआर.

आपल्या वऱ्हाडाला यात दोन गोष्टी फुकट मिळाल्या आहेत. पहिली, ऊन. युरोपात हिवाळ्यात पाणी दहा-बारा अंशांवर गेलं की पहिल्या शिफ्टचे जंतू झोपतात. आमच्याकडे ही अडचण जवळजवळ नाही. दुसरी, आपलं जड पाणी. पहिल्या शिफ्टच्या कामात आम्ल तयार होतं आणि पाण्यात क्षारता कमी असेल तर सामू घसरून काम थांबतं. बेसॉल्ट खडकातून आलेल्या आपल्या पाण्यात क्षारता भरपूर असते. आईची तक्रार असते की गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. तोच क्षार इथे कामाला येतो.

महाग आहे ती हवा. १.९ टन नायट्रोजनला जवळपास पावणेनऊ टन ऑक्सिजन. एका युनिट विजेत दीड किलो ऑक्सिजन पाण्यात जातो असं धरलं तर रोज ५,८०० युनिट. आठ रुपये दराने दिवसाला सेहेचाळीस हजार रुपये. दुसरी शिफ्ट नीट चालवली तर नायट्रेटमधला ऑक्सिजन कामी येतो आणि या खर्चातला साठ टक्क्यांपर्यंतचा भाग बीओडीच्या हवेतून वजा होतो. म्हणजे अर्धवट केलं तर महाग पडतं, पूर्ण केलं तर स्वस्त. पण रोजचं वीजबिल पाहणाऱ्या माणसाला हे पटवणं अवघड आहे, तो सगळ्यात आधी ब्लोअरच बंद करतो.

एक विचार मनातून जात नाही. युरियाच्या कारखान्यात हवेतला नायट्रोजन प्रचंड दाब आणि उष्णता देऊन पकडतात. तो वावरात, वावरातून तुरीत-गव्हात, तिथून ताटात, ताटातून गटारात. आणि गटारातून त्याला परत हवेत पाठवायला आपण पुन्हा वीज जाळतो. पकडायला पैसे, सोडायलाही पैसे. मधल्या मधे तो पुन्हा वावरात का नेता येऊ नये? हा प्रश्न मामांच्या वावरात नेतो, पण त्याआधी जरा समुद्रापर्यंत जाऊन येऊ.

तुम्ही म्हणाल, अकोल्याला समुद्र कुठला? मोर्णा पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. तापी हतनूर आणि उकाई या धरणांमधून जात सुरतेजवळ अरबी समुद्राला. वाटेत धरणांच्या गाळात काही नायट्रोजन अडतो, काही शेतीत जातो, नदीतले जंतू काही उडवून लावतात. पण रस्ता अखंड आहे आणि आपण त्याच्या वरच्या टोकाला बसलो आहोत. सुरतेत तापीवर सिंगणपोरचा बंधारा आहे, त्याच्यामागेही जलपर्णी साचते. त्यांनाही तोच प्रश्न पडत असणार.

समुद्रात गोष्ट वेगळी होते. तिथे जलपर्णीऐवजी शेवाळ माजतं, ते मरून खाली बसतं, कुजताना तळातला ऑक्सिजन संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळा सरता सरता आणि पावसाळ्यानंतर ऑक्सिजन फार कमी होतो आणि तिथून नायट्रस ऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या शिफ्टचाच हा वायू. कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २७० पट उष्णता धरणारा.

ज्यांनी हे पुरतं करून पाहिलं असं एक किनाऱ्याचं शहर सांगतो, अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं टँपा. १९७० च्या दशकात तिथल्या खाडीत शेवाळाने पाणी इतकं गढूळ झालं होतं की तळाला ऊन पोचेना आणि समुद्रगवत मरून गेलं. गवत गेलं तसे मासेही गेले. १९७८ साली तिथल्या राज्याने कायदा केला की खाडीत सोडायच्या सांडपाण्यात एकूण नायट्रोजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको. शहराने पुढच्याच वर्षी आपलं केंद्र त्याप्रमाणे बदललं. आपल्याकडे १० वरून वाद चालतो, त्यांनी १९७९ मध्ये ३ केले. मग काय, दुसऱ्या वर्षी गवत उगवलं? नाही. हळूहळू वाढत गेलं आणि २०१४ च्या मोजणीत ते चाळीस हजार एकरांवर, म्हणजे १९५० च्या सुमारास होतं तेवढं परत आलं. पस्तीस वर्षं लागली. आणि २०१६ नंतर ते पुन्हा घटायला लागलं. एवढं करूनही काम संपत नाही, हे वाचून मी थोडा खचलो होतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तिथे कोणी समुद्रगवत लावायची मोहीम काढून ही वाढ मिळवली नाही. नळाच्या टोकाला मोजून मिळवली.

आपल्याकडे एवढी मोठी केंद्रं सगळ्या नाल्यांवर बसणं कठीण. अमरावतीच्या अंबा नाल्याकडे किंवा अकोल्यातल्या मोर्णेला मिळणाऱ्या नाल्यांकडे पाहिलं की कळतं, अर्धं पाणी भुयारी गटारात शिरतच नाही. त्यासाठी नागपूरच्या नीरी या संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत काढली आहे. खडी भरलेल्या हौदातून पाणी पृष्ठभागाच्या खालून वाहतं आणि वर कर्दळ, पाणकणीस अशी झाडं. मुळांभोवती हवा असते तिथे पहिली शिफ्ट, मुळांपासून दूर हवा नसते तिथे दुसरी. ब्लोअर नाही, वीज नाममात्र. जागा मात्र जास्त लागते आणि झाडं वेळच्या वेळी कापावी लागतात. नाही कापली तर तीच कुजून नायट्रोजन परत देतात, म्हणजे पुन्हा मोर्णाच.

आता मामांचं वावर. मामा रब्बीत नदीला मोटर लावून गव्हाला आणि भाजीपाल्याला पाणी देतात. पालक आणि सांबार (पुण्या-मुंबईवाल्यांनी कोथिंबीर वाचावं) असा काळाभोर येतो की बाजारात पटकन उचलला जातो. मामांचं म्हणणं, "नदीचं पानी म्हन्जे फुकटचा युरिया, लेका. तुमच्या कालेजात हे शिकवते का?" शिकवत नाहीत, पण हिशेब करता येतो. सांडपाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रोजन धरा. एका एकराला एका पाळीत पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दोन लाख लिटर, त्यात आठ किलो नायट्रोजन. पाच पाळ्यांत चाळीस किलो, म्हणजे जवळजवळ दोन पोती युरिया. मामा बरोबरच होते!

पण मामा वरून युरिया टाकतच होते, शेजारी टाकतो तेवढा. मग गहू नुसता पानावर येऊन वाऱ्यात लोळतो, हा त्यांचा नेहमीचा रडगाणा. पिकाने न उचललेला नायट्रोजन नायट्रेट होऊन खाली उतरतो, आणि नायट्रेटला आपली काळी माती धरून ठेवत नाही. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित. तो थेट विहिरीत. शिवाय घराच्या मागच्या शोषखड्ड्यातूनही तेच उतरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात नायट्रेटसाठी देशातले सगळ्यात वाईट पंधरा जिल्हे दिले आहेत. त्यांत महाराष्ट्राचे सात आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. अकोला त्या यादीत नाही, पण एका बाजूला अमरावती आणि दुसऱ्या बाजूला बुलढाणा असताना मला काही फार सुटल्यासारखं वाटलं नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती तान्ह्या बाळांसाठी ठरवलेली आहे. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं की विहिरीच्या पाण्यात दूध पावडर कालवून दिलेली बाळं निळी पडत होती. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबवतं. आणि पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही, उलट आटून दाट होतं. 'उकळलेलं आहे ना, मग चालतं' ही आपल्याकडची समजूत इथे उपयोगाची नाही.

मामांच्या विहिरीचं पाणी मी बाटलीत भरून कॉलेजच्या लॅबमध्ये तपासलं. ४५ च्या बरंच वर आलं. मामांच्या मोठ्या मुलीला, माझ्या ताईला, तेव्हा सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी ती माहेरीच येणार होती. मी फोनवर आकडा सांगितला तेव्हा मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी तं लहानपनापासून हेच पानी पेतो." मी म्हटलं, "मामा, मोठ्यांचं भागून जातं. बाळाला नको. बाळाच्या दुधात हे पाणी नाही टाकायचं, नळयोजनेचं आणायचं." यावर मामी मागून ओरडल्या, "मी आनतो म्हनावं, रोज दोन गुंड!"

त्या रब्बीत मामांनी एका एकरात दुसरा युरिया टाकला नाही. शेजाऱ्याने वेड्यात काढलं. गहू उभा राहिला, लोळला नाही, उतारा शेजाऱ्याएवढाच. मामा आता गावात सांगत फिरतात की हा हिशेब त्यांचाच आहे, आणि तसं पाहिलं तर आहेच. नदीच्या पाण्यात जंतू असतात म्हणून कच्च्या खायच्या भाज्यांना ते देऊ नका, हे मात्र त्यांनी अजून ऐकलेलं नाही. सांबाराचा भाव चांगला आहे म्हणतात.

ताईच्या मुलाला आता आठवा महिना लागला. दर महिन्याला मी विहिरीचा एक नमुना घेतो, लॅब उघडी मिळेपर्यंत तो थंड ठेवावा लागतो. म्हणून मामींच्या फ्रिजमध्ये दह्याच्या वाटीशेजारी एक बाटली असते. तिच्यावर मी मार्करने 'पिऊ नये' असं लिहिलं आहे. मामींनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, 'हलवू पन नये, पोट्टं ओरडते.'